पोहे-जिलेबीच्या शहरात चरबी उतरवताना : आहार आणि व्यायाम यांचा मेळ

एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२५ कॅलरी. सत्तर किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या चालीने अर्धा तास चालला, तर त्याच्याही साधारण तेवढ्याच कॅलरी खर्च होतात. हा हिशेब प्रथम कळतो तेव्हा काही जणांना वाटते की मग चालण्यात अर्थ काय, आणि ते जेवण निम्म्यावर आणतात. दुसरे काही जण याच्या उलट, पहाटे दोन तास मैदानावर घाम गाळतात आणि परतताना इंदुरातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे, वर मूठभर शेव आणि दोन जिलेब्या खाऊन घरी येतात. तीन महिन्यांनी दोघेही कंटाळतात. वजन उतरते ते मुख्यतः आहाराने, परंतु उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे व्यायाम ठरवतो. या लेखातील सर्व पायऱ्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

शरीराला खर्चापेक्षा कमी अन्न मिळाले की ते तूट साठ्यातून भरून काढते, आणि हा साठा केवळ चरबीचा नसतो. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम नसेल, तर कमी झालेल्या वजनातला चौथाईच्या आसपासचा भाग स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींचा असू शकतो. पुढे वजन पुन्हा वाढले तर चरबी सहज परत येते, स्नायू मात्र तितक्या सहज येत नाहीत. वर्षातून दोनदा कडक डाएट करणारी मंडळी प्रत्येक फेरीनंतर अधिक थकलेली दिसतात, त्यामागे बहुधा हेच असते.

आरंभीच एक सूचना. गर्भवती वा स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण औषधाचे प्रमाण तेच ठेवून जेवण कमी केले आणि चालणे वाढवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाणही वजन उतरल्यावर पुन्हा ठरवून घ्यावे लागते. थायरॉईडची तपासणी झाली नसेल, तर सुरुवातीलाच करून घेणे शहाणपणाचे.

पहिली पायरी : वजनाबरोबर कंबरही मोजावी

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करावे. कंबर मोजण्याची जागा सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध असते. पँटचा पट्टा जिथे बसतो ती जागा ही नव्हे. श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावावी. भारतीयांमध्ये पोटाभोवतीची चरबी तुलनेने कमी वजनातही साठते, म्हणून आपल्यासाठी मर्यादाही कडक आहेत. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर मधुमेह व हृदयविकाराची जोखीम वाढलेली मानतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय २३ च्या पुढे असेल तर वजन अधिक, आणि २५ वा त्यापुढे असेल तर स्थूलता धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत, त्यामुळे मोबाइलवरचे एखादे ॲप आपल्याला 'सर्व ठीक' असे सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

पुढील हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. राजेंद्र नगरात राहणाऱ्या, वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो असलेल्या, दिवसाचा बराच वेळ खुर्चीवर आणि उरलेला स्वयंपाकघरात घालवणाऱ्या एका बाईंचे. त्यांचा बीएमआय जवळजवळ २९ येतो. त्यांनी थेट ५५ किलोचे लग्नाच्या वेळचे वजन डोळ्यांसमोर ठेवू नये. पहिले उद्दिष्ट आजच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलोंच्या आसपास असावे, कारण एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांत फरक दिसू लागतो.

दुसरी पायरी : सात दिवसांची वही

पहिला आठवडा काहीही बदलू नये, फक्त लिहावे. जेवण बहुतेक जण प्रामाणिकपणे लिहितात. वहीतून सुटते ते जेवणाच्या बाहेरचे : कार्यालयातला चौथा चहा, भाजीची चव बघताना घेतलेले दोन घास, मुलांच्या ताटात उरले म्हणून संपवलेला भात, आणि इंदुरात तर हमखास शेव. महाराष्ट्रातून येथे नव्याने आलेल्या माणसाला प्रथम नवल वाटते की पोह्यांवर शेव, वरणावर शेव, दह्यावर शेव आणि प्रसंगी शेवेचीच भाजी. वर्षभरात तोही डबा जवळ ओढू लागतो. शेव म्हणजे तळलेले बेसन. शंभर ग्रॅमला सुमारे साडेपाचशे कॅलरी, म्हणजे वीस ग्रॅमची एक मूठ ११० कॅलरींची. दिवसातून तीनदा मूठ टाकली, की सव्वा तासाचे चालणे वाया गेले असे समजावे.

चहाचाही हिशेब असाच करावा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर केवळ साखरेच्या १६० कॅलरी होतात.

याच आठवड्यात तेलाचे माप घ्यावे. वहीत तेल लिहिता येत नाही, कारण ते कढईत कधी आणि किती पडले याची नोंद स्वयंपाक करणाऱ्याच्या हातालाच ठाऊक असते. त्यापेक्षा महिन्याला घरात किती लिटर येते ते पाहावे. आमच्या चौघांच्या घरी महिन्याला चार लिटर येत असे, आणि 'आपण तेल फार खात नाही' यावर सर्वांचे एकमत होते. भागाकार केल्यावर माणशी रोजचे ३३ मिलिलिटर निघाले, तेही बाहेरचे खाणे आणि पोळीवरचे तूप सोडून. वजन कमी करू पाहणाऱ्या घरात माणशी २० मिलिलिटर, म्हणजे चार लहान चमचे, हे पाळता येण्याजोगे माप आहे. चौघांसाठी ते महिन्याला २.४ लिटर होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढेच तेल वेगळ्या किटलीत काढून ठेवावे आणि ते तीस दिवस पुरवावे. एवढ्यानेच माणशी रोज शंभरांहून अधिक कॅलरी कमी होतात, आणि ताटातील एकही पदार्थ बंद करावा लागत नाही. कडधान्ये कुकरमध्ये आधी शिजवून मग फोडणी देणे, भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफवणे, या आपल्या आज्यांच्या रीतीच येथे उपयोगी पडतात.

तिसरी पायरी : रोजची तूट ठरवणे

स्वस्थ पडून राहिले तरी शरीर जी ऊर्जा वापरते, तिचा अंदाज मिफ्लिन-सेंट जिओर या सूत्राने बांधता येतो. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंटिमीटर) गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५. आलेल्या आकड्यात पुरुषांनी ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत. आपल्या उदाहरणातल्या बाईंसाठी ७२० + ९८७.५ − २१० − १६१ असे सुमारे १,३३७ येतात. घरकाम आणि आठवड्यातले थोडे चालणे-व्यायाम धरून याला १.३७५ ने गुणले की दिवसाचा एकूण खर्च सुमारे १,८४० कॅलरी होतो.

यातून ४०० कमी केले तर दिवसाला १,४४० उरतात. शरीरातील एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्यामुळे आठवड्याच्या २,८०० कॅलरींच्या तुटीतून साधारण ३५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलो उतरावे अशी अपेक्षा ठेवता येते. हा वेग अनेकांना हास्यास्पद वाटतो. शेजारच्या कुणी महिन्यात आठ किलो उतरवल्याचे ऐकलेले असतेच. त्या आठ किलोंत पाणी आणि स्नायू किती, हे त्या शेजाऱ्यालाही माहीत नसते. अतिवेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, केस गळतात आणि अंगात त्राण राहत नाही. वैद्यकीय देखरेखीशिवाय स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली जाऊ नये.

सूत्राचा आकडा हा अंदाज आहे. दोन माणसांत शंभर-दोनशे कॅलरींचा फरक सहज पडतो. तीन आठवडे पाळून पाहिल्यावर जे दिसेल ते खरे मानावे आणि त्यानुसार शंभर-दीडशेची फेरफार करावी.

चौथी पायरी : ताटाची मांडणी

आपल्या ताटाला डावी आणि उजवी बाजू असते, आणि माझ्या मते चरबी उतरवण्याची निम्मी युक्ती या मांडणीत आधीच आहे. डाव्या बाजूला वाढली जाणारी कोशिंबीर आज बऱ्याच घरांत चमचाभर उरली आहे, ती पुन्हा वाटीभर करावी. काकडी, गाजर, मुळा, कोबी, टोमॅटो, बीट यांपैकी काहीही चालेल. मात्र दाण्याचे कूट जपून घालावे, कारण मोठा चमचाभर कुटातच पन्नास-साठ कॅलरी असतात. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने, पाव भाग डाळ, उसळ, दही, पनीर किंवा अंडे यांनी, आणि उरलेला पाव भाग पोळी, भाकरी वा भाताने भरावा. आपल्याकडे प्रत्यक्षात याच्या नेमके उलट असते : चार पोळ्या, वर भात, आणि पातळ वरणाची एक वाटी.

प्रथिनांचा प्रश्न शाकाहारी मराठी घरात सर्वांत बिकट आहे. निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम ही भारतीय शिफारस आहे. वजन उतरवताना स्नायू राखायचे असतील तर ती १.२ ग्रॅम वा त्याहून थोडी अधिक ठेवणे योग्य. वजन बरेच जास्त असेल तर आजच्या वजनाऐवजी उद्दिष्टाच्या वजनाने गुणावे. आपल्या बाईंचे दूरचे उद्दिष्ट ६० किलो धरले, तर रोज ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत. वरणाच्या एका वाटीत ३० ग्रॅम कोरडी डाळ धरली तर ७ ग्रॅम मिळतात, म्हणजे 'रोज वरण खातो, प्रथिने मिळतात' हे उत्तर पुरेसे नाही.

त्यांचा एक दिवस असा बसवता येईल. सकाळी ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी, एक लहान चमचा तेलावर, आणि वाटीभर दही. दुपारी दोन पोळ्या, घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, एक पालेभाजी, कोशिंबीर आणि पेलाभर पातळ ताक. संध्याकाळी एक फळ. दिवसभरात २०० मिलिलिटर दूध, आणि चहात जाणारे दूध यातलेच. रात्री एक ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम सोयावड्या घातलेली रस्सा भाजी आणि भरपूर कच्ची काकडी. यात सुमारे १,४३० कॅलरी आणि सत्तरच्या आसपास ग्रॅम प्रथिने बसतात. त्यांतली पंधरा ग्रॅम एकट्या सोयावड्यांची आहेत, कारण कोरड्या सोयावडीच्या वजनातला जवळजवळ अर्धा भाग प्रथिनांचा असतो. माळवा हा सोयाबीनचा मुलूख आहे आणि सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था इंदुरातच आहे, तरीही आपल्या स्वयंपाकघरांत सोयावडीला पाहुण्यासारखी वागणूक मिळते. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, आले-लसणाच्या वाटणात शिजवली तर तिचा उग्र वास जातो. ज्यांना ती चालत नाही, त्यांनी ६० ते ८० ग्रॅम पनीर घ्यावे, अंडी खाणाऱ्यांनी दोन-तीन उकडलेली अंडी घ्यावीत.

शेंगदाण्यांविषयी एक सावधगिरी. त्यांत प्रथिने आहेत हे खरे, पण १०० ग्रॅम दाण्यांत ५६० हून अधिक कॅलरी आहेत. ते तेलबी आहे हे विसरू नये.

संध्याकाळी पाच ते सातची वेळ इंदुरात सर्वांत अवघड असते, कारण त्याच सुमारास कचोरी कढईतून निघत असते. या वेळेसाठी ३० ग्रॅम फुटाणे खिशात असावेत. पावसाळ्यात लिंबू-मीठ लावलेले भाजलेले कणीस उत्तम. भुट्ट्याचा कीस मात्र तुपावर परतून दुधात शिजवलेला असतो, त्याला कणसाचा भाऊ समजून खाऊ नये. तसेच इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे. ती आटवलेल्या दुधाची, सुक्या मेव्याची घट्ट मिठाईच आहे, आणि 'काहीतरी थंड पिऊ' म्हणून मागवणाऱ्या नवख्या माणसाला तो पेला हातात पडेपर्यंत हे कळत नाही.

पोहे, उपवास आणि सराफा

पोह्यांना विनाकारण दोष दिला जातो. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे १७५ कॅलरी असतात, आणि वाफेवर ठेवलेले इंदुरी पोहे पुष्कळ घरच्या कांदेपोह्यांपेक्षा तेलाला हलके असतात. भर पडते ती शेवेने आणि सोबतच्या जिलेबीने, जी शंभर ग्रॅमला साडेतीनशेहून अधिक कॅलरींची असते. म्हणून पोहे खावेत, शेवेऐवजी कांदा, लिंबू आणि जिरावण मसाला वाढवावा, आणि सोबत दही किंवा मोड आलेले मूग घ्यावेत. जिलेबी रविवारी, एक, आणि बसून खावी.

उपवासाचे गणित अधिक कठीण आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्याविषयी केली आहे. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट, मोठा चमचाभर तूप आणि एक छोटा बटाटा एवढ्या खिचडीत ५७० च्या आसपास कॅलरी होतात. प्रथिने जेमतेम आठ ग्रॅम, तीही जवळपास सगळी कुटातली, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चतुर्थी, गुरुवार, एकादशी आणि श्रावणी सोमवार असे सर्व उपवास धरणाऱ्या घरात महिन्यातले आठ-दहा दिवस असे जातात. उपवास सोडण्याची गरज नाही. वरईचा भात आणि ताक, उकडलेले रताळे, राजगिऱ्याची भाकरी आणि दह्यातली काकडीची कोशिंबीर, दूध आणि फळ, यांवर उपवास अधिक खरा होतो. खिचडी करायचीच तर ती वाटीभर घेऊन वर मोठी वाटी दही घ्यावे.

सराफ्याला, म्हणजे सराफा बाजारात रात्री लागणाऱ्या खाण्याच्या दुकानांवर, जाणे पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देत नाही, कारण तो या शहरात कुणी सहा महिने पाळल्याचे मला माहीत नाही. कॅलरींचा हिशेब आठवड्याचा धरावा. इतर सहा दिवस शंभर-शंभर कमी खाल्ल्या, तर सातव्या दिवसासाठी सहाशे शिल्लक राहतात. त्या रात्री घरून कोशिंबीर आणि ताक पिऊन निघावे, चौघांनी मिळून पदार्थ मागवावेत, आणि गोड एकच निवडावे : मालपुवा किंवा रबडी, दोन्ही नव्हे. दुसऱ्या दिवशी वजन किलोभर जास्त दिसले तर घाबरू नये. ते मीठ आणि पिष्टासोबत थांबलेले पाणी असते आणि दोन-तीन दिवसांत निघून जाते. त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणे, हीच खरी चूक.

दाल-बाफल्याच्या पंगतीत बाफला, म्हणजे उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवण्यापूर्वी आपला बाजूला काढायला सांगावा आणि वरून एक चमचा तूप घ्यावे. यजमान रागावतील, पण ते आपले वजन उचलणार नाहीत.

पाचवी पायरी : चालणे, आणि शतपावलीचा विस्तार

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ३०० मिनिटांपर्यंत गेल्यास लाभ वाढतो. मध्यम गती ओळखण्याची सोपी खूण अशी, की चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्यांनी पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. पिपलियापाल्याचे रिजनल पार्क, मेघदूत उद्यान, नेहरू पार्क, किंवा घराजवळची कोणतीही बाग चालेल. खरे सांगायचे तर जागेपेक्षा बूट आणि वेळ यांना अधिक महत्त्व आहे. टाचेला आधार देणारे बूट घ्यावेत. चपलांवर रोज चार किलोमीटर चालणाऱ्यांची टाच दुसऱ्या महिन्यात बोलू लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत चालून यावे. पावसाळ्यात गच्चीखालच्या जिन्याचा किंवा घरातल्या लांब खोलीचा उपयोग करावा.

जेवणानंतरची शतपावली ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सवय आहे. जेवून दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्यास रक्तातील साखर एकदम चढत नाही, हे आता मोजून पाहिलेले आहे. मात्र शंभर पावले म्हणजे मिनिटभराचे काम झाले. आजच्या बैठ्या दिवसाला हजार पावलांची शतपावली हवी. दोन्ही जेवणांनंतर ती केली, तर दिवसाची वीस-पंचवीस मिनिटे तिथेच भरतात.

सहावी पायरी : जोर, बैठका आणि भाजीच्या पिशव्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि विशेषतः स्त्रिया 'अंग पुरुषी होईल' या भीतीने गाळतात. तसे होत नाही. स्नायू फुगवण्यासाठी वर्षानुवर्षांची कसून मेहनत आणि भरपूर आहार लागतो. तूट ठेवून खाणाऱ्या माणसाला आहेत ते स्नायू टिकवता आले तरी पुष्कळ झाले. आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटे पुरेशी आहेत.

सूर्यनमस्कार मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेले आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिरिरीने प्रसार केला, आणि अनेक घरांत ती परंपरा अजून चालू आहे. त्यांनी सांधे मोकळे होतात, दम वाढतो, छाती आणि खांद्यांना काम मिळते. पण त्यांत पाठीच्या वरच्या स्नायूंना ओढण्याचे काम नाही आणि मांड्यांवर हळूहळू वाढत जाणारा भार नाही. म्हणून सहा ते बारा नमस्कार अंग गरम करण्यासाठी घालावेत आणि नंतर पुढील चार हालचाली कराव्यात.

पहिली बैठक : खुर्चीवर बसून, हातांचा आधार न घेता उठावे आणि सावकाश पुन्हा बसावे. दुसरा जोर : सुरुवातीला भिंतीवर, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि काही महिन्यांनी जमिनीवर हात टेकून. तिसरी ओढ : एक हात खुर्चीवर टेकून वाकावे, दुसऱ्या हाताने कणकेची किंवा भाजीची पिशवी कमरेपर्यंत ओढून घ्यावी. चौथी, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, म्हणजे सेतुबंधासन, पण धरून न ठेवता पुन्हा पुन्हा. प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, आणि असे दोन फेरे. 'अजून दोन वेळा जमले असते' असे वाटेल तिथे थांबावे. बारा वेळा सहज होऊ लागले की भार वाढवावा : दोन किलोंची पिशवी तीन किलोंची करावी, खुर्चीऐवजी कमी उंचीचे स्टूल घ्यावे. हीच वाढ या व्यायामाचा गाभा आहे, नाहीतर तीच पिशवी वर्षभर ओढून काही हाती लागत नाही. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले तर ते स्वाभाविक. सांधा टोचल्यासारखा दुखला, छातीत दडपण आले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जाते, हा समज चुकीचा आहे. चरबी कुठून आधी जाईल हे आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात. घाम आणणारे पट्टे फक्त पाणी काढतात. सकाळच्या कोमट पाण्यातला मोठा चमचाभर मध चरबी वितळवत नाही, उलट साठ कॅलरी देऊन जातो.

काटा थांबतो तेव्हा

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरल्यासारखे दिसतात, ते बहुतांशी शरीरातील साठवलेल्या पिष्टासोबतचे पाणी असते. त्यानंतर काटा मंदावतो आणि लोक निराश होतात. म्हणून रोजचे वजन लिहावे, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवरच घ्यावा. मासिक पाळीच्या आधी, बद्धकोष्ठ असताना किंवा लोणचे-पापड जास्त झाल्यावर काटा खोटे बोलतो. सरासरी तीन आठवडे हलली नाही आणि कंबरही तशीच राहिली, तर पुन्हा चार दिवस वही लिहावी. दहापैकी सात वेळा शेवेचा डबा परत आलेला असतो.

वही प्रामाणिक असूनही वजन थांबले असेल, तर तिसऱ्या पायरीचा हिशेब नव्याने करावा. आपल्या बाई ६६ किलोंवर आल्या की त्यांचा रोजचा खर्च सुमारे १,७५५ वर येतो, म्हणजे आधीच्या तुटीतल्या ८५ कॅलरी आपोआप कमी झालेल्या असतात. त्या भरून काढण्यासाठी जेवण आणखी कापण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांचे चालणे वाढवावे असे मी सुचवेन, कारण १,४०० च्या आसपास खाणाऱ्या माणसाच्या ताटातून आणखी काही काढले तर बहुधा प्रथिनेच जातात. झोप सात तासांखाली असेल तर आधी ती सुधारावी. अपुऱ्या झोपेत भूक वाढते आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो.

गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा यांत वजन उतरवण्याचा हट्ट धरू नये. त्या काळात वाढू न देणे एवढेच लक्ष्य ठेवावे, म्हणजे खर्चाइतके खावे, चालणे चुकवू नये, आणि फराळाचे डबे जेवणाच्या टेबलावर न ठेवता कपाटात ठेवावेत.

उद्दिष्ट गाठल्यावर

ज्या दिवशी ठरवलेले वजन येते, त्याच दिवशी जुन्या ताटावर परतणारे बहुतेक जण वर्षभरात जुन्या कंबरेवरही परततात. तूट एकदम मिटवू नये. दर आठवड्याला रोजच्या जेवणात शंभर कॅलरी वाढवाव्यात : आधी एक पोळी, मग अर्धी वाटी भात, मग चमचाभर तूप, आणि वजन स्थिरावले की थांबावे. या टप्प्यावर व्यायामाचे वजन आहाराच्या बरोबरीला येते. उतरवलेले वजन वर्षानुवर्षे टिकवणाऱ्यांत नियमित चालणारे लोक मोठ्या संख्येने आढळतात. वजनाची सरासरी उद्दिष्टाच्या दोन किलो वर गेली, की कारणे न शोधता दोन आठवडे वही उघडावी आणि तेलाची किटली पुन्हा मोजून भरावी.